उघाडीचं कार्ड

माझं अक्षर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून कळत नाही. चौथीपर्यंतच शिकले. ही वही कुणी उघडलीच तर चुका पोटात घालाव्यात. प्रधान मॅडमनी मात्र घातल्या नसत्या. पाच रुपये दंड केला असता.

घोडबंदर रोडवर विद्यापीठाच्या शाखेची लायब्ररी आहे, तिथे मी झाडलोट करते. प्रधान मॅडम तिथल्या मुख्य. नौपाड्यात राहायच्या. गेल्या वर्षी रिटायर होऊन लेकीकडे पुण्याला गेल्या. नव्या पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर होती, पण मागच्या खोलीत ठाणे-कल्याणकडचे जुने कागद होते. खाडीचे नकाशे, मिठागरांच्या वह्या, गावकऱ्यांचे अर्ज. कुठला कागद कुठे आहे ते सांगणारी कार्डं मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिलेली, एका विषयाला एक खण. त्या खोलीत शिरताना त्या चपला बाहेर काढायच्या. पहिल्या दिवशी मीही काढल्या आणि वर हात जोडले.

मॅडम हसल्या. "अगं सुगंधा, देवळात काढतो ती भक्ती. इथे काढायच्या त्या धुळीसाठी."

त्याच आठवड्यात मी एक अख्खं कपाट पुसलं आणि पुस्तकं उंचीप्रमाणे लावली, फळीवर डबे लावतो तशी. मॅडमनी एका फळीवरून बोट फिरवलं.

"दिसतंय छान. आता यातलं एक तरी सापडेल का?"

मला रडू फुटलं.

"रडू नकोस. घरात असून सापडत नाही ते हरवलेलंच. दंड पाच रुपये."

त्यांच्या टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा असायचा. चूक झाली की दंड त्यात, साहेब असो की शिपाई. त्यातून डांबरगोळ्या यायच्या. माझ्याकडे तेव्हा पैसे नव्हते, म्हणून माझ्या नावाने त्यांनीच पाचाचं नाणं टाकलं. नंतर कितीदा मी परत द्यायला गेले. "राहू दे. देणं असलं की माणूस कामावर येतं," म्हणायच्या आणि घ्यायच्या नाहीत. त्यांना द्यायचं पाचाचं नाणं मी बटव्यात वेगळं ठेवलं होतं.

मग त्यांनी मला रोज एक काम दिलं. एक खण पुसायचा आणि त्यातलं एक कार्ड वाचून दाखवायचं. मी बोट ठेवून वाचायची. त्या कधी घाई करत नसत. पावसाच्या खणात एकदा कार्ड निघालं, 'उघाडीविषयी गावकऱ्यांचे अर्ज'.

"पाऊस थांबतो ना, ती उघाडी," मॅडम म्हणाल्या.

मला ते पटलं नाही. पण त्या एवढ्या शिकलेल्या, त्यांना शब्द सांगणारी मी कोण? कार्ड ठेवून दिलं.

पुढे टिटवाळ्याची एक मुलगी यायला लागली. खाडीचे बांध आणि बांधातली पाण्याची दारं, यांच्यावर ती प्रबंध लिहीत होती. मॅडमनी तिच्यासाठी खाडीचा खण दोनदा उपसला. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "दारांचे कागद नाहीत गं आपल्याकडे."

"मग संपलंच, मॅडम. सर म्हणालेत, जुने कागद मिळाले नाहीत तर विषय बदल. दोन वर्षं गेली माझी."

ती दारात जाऊन चपला घालायला लागली. माझ्या हातात फडकं तसंच. तिने एक पट्टा लावला आणि दुसरी चप्पल पायाने ओढली.

"मॅडम, उघारी..."

"कसली उधारी? ते पाच रुपये? आत्ता नको गं."

"उधारी नाही, उघारी. ती पावसाच्या खणातली." थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं, म्हणून बोलतच सुटले. "बांधाला लाकडी दार असतं, ती उघारी. माझा बा मिठागरावर होता. भरतीला तेच दार उघडून पाणी आत घ्यायचा. आम्ही ड ला र म्हणतो. कार्डावर तीच आहे. पाऊस नाही."

मॅडम उठल्या. त्या कार्डाच्या नंबरावरून त्यांनी फडक्यात बांधलेलं पुडकं काढलं आणि गाठ सोडली. पहिल्याच अर्जात होतं, उघाडीची फळी कुजली, खारं पाणी शेतात शिरतं, दुरुस्ती व्हावी.

"किती आहेत असे?" मुलीने विचारलं.

"पुडकंभर," मॅडम म्हणाल्या.

ती आत येऊन जमिनीवर बसून वाचायला लागली. एक चप्पल तशीच पायात. मॅडमनी बघितलं आणि पहिल्यांदाच कुणाला काही बोलल्या नाहीत.

मग त्यांनी कोरं कार्ड घेतलं. "तुझ्या घरचा शब्दही सांग. दोन्ही लिहिते." लिहून कार्ड खाडीच्या खणात ठेवलं. "इतकी वर्षं चुकीच्या खणात. दंड." पर्स उघडली, तर नुसत्या नोटा.

"सुगंधा, पाचाचं नाणं आहे?"

मी बटव्यातलं काढून दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं.

"म्हणजे हे माझंच की."

नाणं डब्यात पडलं, खण् झालं.

"फिटले गं तुझे," मॅडम म्हणाल्या. "उधारी संपली. आता नुसती उघारी."

र अगदी आमच्यासारखा म्हणाल्या.