मामांचं फिरतं बिऱ्हाड

माझ्या मामेसासऱ्यांच्या हाती एकदा लागलेली वस्तू पुन्हा कधी तिच्या कारखान्याला ओळखू आली असेल, असं मला वाटत नाही. राहात्याच्या पलीकडे, प्रवरेच्या कालव्यावर त्यांचा ऊस होता, मोसंबीची बाग होती, आणि या दोन्हींपेक्षा त्यांना प्रिय असलेली पत्र्याची एक शेड होती. तिथे सायकली, पंप, कंदील आणि एक हार्मोनियमसुद्धा आपापल्या मूळ रूपाला मुकून पडलेली असत. नवी वस्तू घरात आली की मामा तिच्याभोवती दोनदा फिरत, चष्मा कपाळावर ढकलत आणि म्हणत, "चांगली हाय. पन करनाऱ्यानं घाई केली." मग त्यांचा पाना बाहेर निघे. माझ्या लग्नात त्यांनी घाई पाहिली ती अंतरपाटाच्या रचनेत. दोन माणसांनी हात दुखेपर्यंत कापड धरून उभं राहायचं, हे त्यांना रानटी वाटलं. त्यांनी मांडवाच्या आढ्याला कप्पी लावली, दोरी ओवली आणि मंगलाष्टकं संपताक्षणी ती ओढली. अंतरपाट झर्रकन वर गेला, तो भटजींचं पागोटं सोबत घेऊनच. सगळा मांडव वर बघत असताना नवरा-बायको म्हणून आम्ही एकमेकांकडे बघायचं राहूनच गेलं. मामा मात्र जराही विचलित झाले नाहीत. "दोरी वीतभर आखूड पाहिजे व्हती," एवढंच ते म्हणाले, आणि भटजींचं पागोटं उतरवायला स्वतः खांबावर चढले.

अशा माणसाला नगरच्या लिलावात लष्कराचा जुना ट्रेलर मिळावा, हा योगच म्हणायचा. जीपच्या मागे जोडायची, दोन चाकांची, लोखंडी, हिरव्या रंगाची ती पेटी. मामांकडे लिलावातलीच एक जुनी जीप होती, पण ती आता त्यांच्या दृष्टीने संपली होती, कारण तिच्यात बदलण्यासारखं काही उरलं नव्हतं. ट्रेलर आला त्या दिवशी मी सुट्टीसाठी तिथेच होतो. मी नगरला शाळामास्तर असल्यामुळे मामा मला साक्षीदार म्हणून फार मानत. "जावईबापू," ते ट्रेलरच्या कडेवर हात ठेवून म्हणाले, "ह्यात बिऱ्हाड मांडायचं." मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यामागे एक जुनी गोष्ट होती. ज्या पाण्यावर आपण जगतो ते कुठून निघतं ते एकदा डोळ्यांनी बघावं, भंडारदऱ्याच्या धरणावर चार दिवस जाऊन राहावं, ही मामांची फार दिवसांची इच्छा. आणि मामींचं उत्तर दर वेळी तेच, "रानात जमिनीवर निजायचं आसंल तर मी न्हाई यायची. इच्चूकाट्याचं भ्या वाटतं." दुसऱ्या कुणी बायकोची समजूत काढली असती. मामांनी जमीनच रद्द करायचं ठरवलं.

पुढचे चार महिने मी दर सुट्टीत जाऊन त्या ट्रेलरचा अवतार बघत होतो, आणि दर वेळी माझं हसू थोडं कमी होऊन तोंडाचा आ थोडा मोठा होत होता. आधी त्यांनी मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे घालून ट्रेलर वीतभर उंच केला, म्हणजे ओढ्यातले धोंडे खालून निघून जातील. पोटाखाली पाण्याची टाकी बसवली, तिला बाजूने पितळी तोटी. मागची फळी पाडली की आतून लांबच लांब खण सरकत बाहेर येई, आणि त्यात स्टोव्ह, परात, पोळपाट, मिठामिरचीचे डबे, सगळं आपापल्या खाचेत बसवलेलं. गाडी कशीही आदळली तरी डबा हलायचा नाही. पण खरी करामत वर होती. पेटीवर लोखंडी चौकट उभारून तिच्यावर पुरुषभर उंचीवर त्यांनी फळ्यांचा माळा केला होता. त्यातली अर्धी फळी बिजागऱ्यांवर उलटून बाहेर पडे आणि शिडीवर टेके, आणि फळी उलटता उलटता तिच्याबरोबर एक अख्खा तंबू उलगडत उभा राही. पाइपच्या कमानी, दोन्हीकडून खिडक्या, खिडक्यांना पडदे. एखादी कोंबडी पंख पसरून अंड्यांवर बसते तसा तो त्या पेटीवर बसे. तंबूचं जाड कापड शिवलं होतं गावातल्या एका म्हाताऱ्याने. जन्मभर त्याने विहिरीवरच्या चामड्याच्या मोटा शिवल्या होत्या. विजेचे पंप आले आणि मोटा गेल्या. मामांनी त्याला शेडमध्ये आणून बसवलं आणि मेणाच्या दोऱ्याने दुहेरी टाका घालायला सांगितलं. म्हातारा म्हणाला, "पानी आत धरायचं शिवलं जलमभर. आता भाईर धरायचं शिवतो." पावणेदोन महिने तो शिवत होता. कापड चौकटीला सोळा बोल्टांनी आवळलं होतं, आणि त्या बोल्टांना हात लावायची परवानगी घरात कुणालाही नव्हती. मी एकदा नुसतं बोट लावलं, तर मामा म्हणाले, "जावई हात, म्हनून बोललो न्हाई."

पहिली चाचणी अंगणातच झाली. मामा भर दुपारी वर चढून निजले. तासाभराने उतरायला बघतात तो शिडी घसरून खाली पडलेली. खाली मामी ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी वर बघितलं, शिडीकडे बघितलं आणि सूप हलवतच विचारलं, "वाढू का तिथंच?" मामांनी दोन हाका मारल्या, पण सूप काही थांबलं नाही. शेवटी सगळी ज्वारी पाखडून झाल्यावरच शिडी लागली.

त्यातच बहात्तरचा दुष्काळ आला. कालव्याचं पाणीही तुटपुंजं झालं. पुढच्या उन्हाळ्यात मामांनी भंडारदऱ्याचं नाव काढलं तेव्हा मामींना मी पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. "लोकं खडी फोडायला चालल्यात," त्या म्हणाल्या, "आन तुमी तंबू मिरवत हिंडनार व्हय?" त्यानंतर आठवडाभर ट्रेलरवर गोणपाटं टाकलेली होती. मग मामांच्या थोरल्या बहिणीचा निरोप आला. ती नेवाशाच्या पुढे, कोरडवाहू मुलखात राहायची. गावातल्या विहिरी आटल्या होत्या, घरात दाणा उरला नव्हता. मामांनी त्याच सकाळी ट्रेलरमध्ये बाजरीची पोती भरली, टाकी तोंडापर्यंत भरली आणि मामींना म्हणाले, "आता तरी बसशील का?" मामी पुढे जाऊन बसल्या. मी मागे, पोत्यांच्या शेजारी.

नेवासं मागे पडलं तसं झाड म्हणून दिसेना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, मांडीशी दगड धरून हातोडीने खडी फोडणारी. डोक्यावर पदर, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. आमच्या त्या चमत्कारिक वाहनाकडे एरवी सगळं गाव बघायचं, पण इथे कुणी मान वर केली नाही. मामांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. असे मैल-दीड मैल गेलो असू, तोच एक मुकादम दोन्ही हात हलवत आडवा आला. "जीपवालं दादा, थांबा वो! एक बाई आडलीय." रस्त्याकडेला चार बायकांनी लुगडी धरून आडोसा केला होता. वर मात्र ऊन सरळ पडत होतं. मामी उतरून आत गेल्या. गावच्या बाळंतपणांना त्यांना नेहमी बोलावणं असे, हे मला माहीत होतं. थोड्याच वेळात त्या बाहेर आल्या. मी म्हणालो, "मामी, जीपमधून नेवाशाच्या दवाखान्यात नेऊ तिला." त्यांनी मान हलवली. "न्हाई पोचायचं. पोर वाटंवर हाय. हितंच व्हनार. सावली पाहिजे आन कढत पानी."

मामांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. त्यांनी धावत जाऊन फळी उलटली, तंबू फडफडत उभा राहिला, शिडी लागली. "वर घ्या तिला! गादी हाय, वारं हाय, सावली हाय!" ते ओरडले. दोन बायकांनी त्या पोरीला धरून शिडीपाशी आणलं. वीस-बावीस वर्षांची असेल. तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि कळ येऊन ती तिथेच खाली बसली. मामी शांतपणे म्हणाल्या, "अवो, न्हाई चढायची ती."

मामांनी शिडीकडे बघितलं. मग तंबूकडे बघितलं. मी पाना काढायला पेटीकडे वळलो, कारण सोळा बोल्ट काढायचे म्हणजे अर्धा तास तरी हवा. इतक्यात मागे खस्सकन आवाज झाला. जीपमधला उसाचा कोयता घेऊन मामा वर चढले होते आणि टाक्याटाक्याने तंबू कापत होते. चार महिन्यांचं काम! ज्याला मी बोट लावलेलं त्यांना सहन झालं नव्हतं, त्याच्यावर ते असे वार करत होते, जसं काही ते दुसऱ्या कुणाचं होतं. तोंडाने एक शब्द नाही. तेवढ्यात कापड खाली आलं, गादी खाली आली. कापडाची एक कड ट्रेलरला बांधली, दुसरी कमानीच्या दोन पाइपांना. एक पाइप मामांनी धरला, एक माझ्या हातात दिला. बायकांनी लुगड्यांनी बाजू झाकल्या. मागचा खण सर्रकन बाहेर आला, एका म्हातारीने स्टोव्ह पेटवला आणि तोटीतून पाणी धो धो पातेल्यात पडलं. त्या आवाजाने मात्र आजूबाजूच्या हातोड्या थांबल्या.

आम्ही दोघे पाठमोरे उन्हात उभे होतो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. माझ्या हातातला पाइप डुलायला लागला. "जावईबापू, हलवू नका," मामा पुटपुटले, "तिच्या तोंडावर ऊन येतंय." ते स्वतः खांबासारखे उभे होते. कपाळावरचा चष्मा घसरून नाकावर आला होता, आणि तो सावरायलाही त्यांनी हात सोडला नव्हता. आतून मामींचा आवाज येत होता, "दम धर बाय, दम धर. झालंच." मग एकदम सगळं गप्प झालं. त्या शांततेत मामांचे ओठ हललेले मी पाहिले. देवाधर्माच्या वाटेला न जाणारा तो माणूस काहीतरी म्हणत होता. आणि मग रडणं ऐकू आलं. बारीक, पण चिडलेलं.

मामी हात पुसत बाहेर आल्या. "पोरगी हाय. खनखनीत. आई बी बरी हाय." मामांनी पाइप हळूच खाली टेकवला आणि म्हणाले, "शिडी चुकली. पायऱ्या पाहिजे व्हत्या." आणि ते ट्रेलरच्या पलीकडे जाऊन चाकाची हवा बघत बसले. हवा अगदी व्यवस्थित होती.

उन्हं कलल्यावर मायलेकींना गादीसकट जीपमध्ये घालून आम्ही त्यांच्या वस्तीवर सोडलं. झोपडीला छप्पर धड नव्हतं. मामांनी तंबूचं कापड तिच्या नवऱ्याच्या हातात दिलं आणि दुहेरी टाक्याची बाजू वर ठेवायला सांगितलं. मग अर्धी बाजरी तिथे, अर्धी बहिणीकडे. परतताना ट्रेलरवर नुसती लोखंडी चौकट उभी होती. मामी बराच वेळ मागे वळून तिच्याकडे बघत होत्या. राहात्याचं वळण आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "दुसरा कवा शिवायचा?" मामांनी जीप एवढ्या जोरात थांबवली, की मी मागच्या बाकावरून खाली आलो.

दुसरा तंबू शिवला, आणि शिडीच्या जागी रुंद, कठडा असलेल्या पायऱ्या आल्या. चांगला पाऊस होऊन गेल्यावर दोघं भंडारदऱ्याला जाऊन आली. त्या खेपेला साक्षीदार म्हणून मला बोलावलं नाही. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी मामा गेले. बसल्या जागी, शेडमध्ये, कुणालाही त्रास न देता. दिवस झाल्यावर मी मामींना भेटायला गेलो. त्या ओसरीवर मेथी निवडत होत्या. मी सहज विचारलं, भंडारदऱ्याला तुम्ही काय काय बघितलंत? पाणी, डोंगर, धुकं, त्या सांगत गेल्या. मग त्यांनी मेथीची नवी जुडी हातात घेतली.

"सकाळी ते आधी खाली उतरले," त्या म्हणाल्या, "आन मला उतरवायला हात पुढं केला. लगनाला इतकी वर्सं झाली व्हती, पन असा हात कधी धरला नव्हता. पायऱ्या लई चांगल्या केल्या व्हत्या वो त्यांनी. माझी मी आरामात उतरले आसते." त्यांनी एक काडी मोडून बाजूला टाकली. "मी काय सांगितलं न्हाई त्यांना."