गाळलेल्या वाक्याचे संपादन

प्रश्न असा होता: एआय मदतनिसाने माझे पत्र सुधारले की त्यातून नेमके काय कमी होते? आयुष्यभर विज्ञान शिकवल्यामुळे प्रश्न आधी लिहून ठेवायची सवय आहे. उत्तर मिळाले, पण ते उपयोगी पडावे अशा वेळी मिळाले नाही.

पार्श्वभूमी सांगते. माझे बालपण कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावात गेले. वडील सैन्यात होते. आईला लिहिता येत नसे. ती चुलीपुढे बसून सांगे आणि मी अंतर्देशीय पत्रावर उतरवून घेई. क्रम ठरलेला असे: आजी, म्हैस, विहीर, भात आणि शेवटी आम्ही भावंडे. प्रत्येकाबद्दल एक वाक्य. वाईट बातमी मात्र लिहायची नाही. गावातल्या साऱ्या फौजी घरांचा हाच रिवाज होता. ज्याचे बरे नसेल, त्याचे वाक्य गाळायचे.

एका वर्षी आजी अंथरुणाला खिळली. मी विचारले, "आई, आजीचं काय लिवू?"

"काय बी न्हाई. म्हशीपासनं सुरू कर."

"मग आण्णांस्नी कळायचं कसं?"

"कळतंय त्यांस्नी. तू लिव गप."

वडिलांच्या उत्तराची पहिलीच ओळ होती: आईला काय झाले?

आता मी सांगलीत, विश्रामबागेत, दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते. यजमान जाऊन काही वर्षे झाली. मुलगाही सैन्यात आहे. ईशान्येकडच्या त्याच्या ठाण्यावर फोन क्वचित लागतो, मेल मात्र केव्हातरी पोहोचतो. दर रविवारी मी त्याला लिहिते, आणि पद्धत आईचीच: डोळे, गुडघे, सकाळचे फिरणे, गच्चीवरची झाडे, शेजारीण. ही रीत मीच त्याला लहानपणी समजावून दिली होती. एकदा झाडांचे वाक्य नव्हते, तर त्याने लगेच विचारले, "जास्वंद गेली का?" गेली होती.

निवृत्तिवेतनाच्या कार्यालयाला इंग्रजीत लिहावे लागे, म्हणून मी एआयची मदत घेऊ लागले. मजकूर द्यायचा आणि "शुद्ध व आटोपशीर कर" असे सांगायचे. काम चोख होई. मी त्याला दहापैकी आठ गुण देत असे आणि दोन कशाचे कापले तेही लिहून कळवत असे. काही दिवस असे जात की तेवढेच काय ते माझे बोलणे. हळूहळू मराठी पत्रेही मी त्याच्याकडे देऊ लागले.

या वर्षी पावसाळा सरल्यावर फिरताना दम लागू लागला. डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलावी लागेल असे सांगून तारीख दिली. सोबत एक अर्ज दिला, त्यावर जवळच्या नातेवाईकाची सही हवी होती. मुलाची सुट्टी नेमकी त्याच आठवड्यात सुरू होत होती. पण ती तो कधी पुढेमागे करी, कधी सोबत्यांच्या गावी घालवी. त्याने माझ्याकडे यावे, एवढेच मला हवे होते. त्या रविवारी मी फिरण्याचे वाक्य गाळून उरलेली चार लिहिली आणि सवयीने मजकूर मदतनिसाकडे दिला.

परत आलेल्या पत्रात होते: "घरी सर्व नेहमीप्रमाणे व्यवस्थित आहे." चार वाक्यांचे एक झाले होते. मी ऱ्हस्व-दीर्घ पाहिले, विरामचिन्हे पाहिली आणि पत्र पाठवून दिले.

उत्तर आले: "आई, सगळं व्यवस्थित आहे हे वाचून बरं वाटलं. माझ्या सोबत्याच्या बहिणीचं लग्न ठरलंय, त्याला माझी सुट्टी दिली. मी होळीला येतो. रागावू नकोस."

दोन्ही मसुदे शेजारी ठेवून मी वाचले. मदतनिसाने सांगितलेले काम केले होते. गाळलेले वाक्य वाचणाऱ्याला दिसायचे तर बाकीची चार जागेवर असावी लागतात, हे मी त्याला सांगितलेच नव्हते. आता सविस्तर सांगितले. त्याने विचारले, "पुढच्या पत्रात वाक्ये तशीच ठेवू, की फिरणे का थांबले ते लिहायचे आहे?" प्रश्न योग्य होता. मी संगणक बंद केला.

दुसऱ्या दिवशी कोणाचीही मदत न घेता लिहिले: "माझी शस्त्रक्रिया आहे. तू यावेस असे वाटते." आमच्या घरातून असे पत्र कधी गेले नव्हते. पाठवायला दुपार उलटली.

तिसऱ्या दिवशी फोन लागला.

"आई, तो गेला गं सुट्टीवर. आता मला ठाणं सोडता येत नाही."

"राहू दे."

"नेहमीसारखं लिहिलं असतंस तर मला तेव्हाच कळलं असतं."

"नेहमीसारखंच लिहिलं होतं रे," मी म्हणाले. तेवढ्यात आवाज तुटला.

शेजारीण जतकडची. अर्ज टेबलावर पाहून म्हणाली, "आवं बाई, द्या हिकडं. मी करती सही."

"नातेवाईकाची लागते. नातं काय लिहू?"

"शेजारीण लिवा."

"ते चालणार नाही."

"मग भैन लिवा की! कोण बघाय येतंय? लय शाळा करू नका आता."

मी रकान्यात 'बहीण' लिहिले. कागदावर जाणूनबुजून खोटे लिहिण्याची माझी ती पहिलीच वेळ. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आले तेव्हा ती उशाशी पेंगत होती. मी आधी दाराकडे पाहिले.

माझे उत्तर असे: सुधारलेल्या पत्रातून आपण न लिहिलेले निघून जाते, आणि ते गेल्याचे सुधारणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. मात्र हे अनुमान एकाच घरातल्या एका पत्रावरून काढले आहे. तेवढ्याने नियम ठरत नाही. म्हणून विनंती करते. आपल्या माणसाला पाठवलेले एखादे सुधारित पत्र काढा, मूळ मसुदा त्याच्याशेजारी ठेवा आणि दोन्ही सावकाश वाचून स्वतः तपासून पाहा.