दुपारचा उतार

मी सोलापूरजवळच्या वळसंगचा मेंढपाळ. एका वर्षी पाऊस आलाच नाही, मेंढरं गेली, तेव्हा बार्शीच्या एका मुकादमाबरोबर हिमालयात गेलो. तिथं एक साहेब रस्त्याची मोजणी करत होता आणि सामानाची खेचरं हाकायला त्याला माणसं हवी होती.

चैत्र लागला तसं तिथंही ऊन तापू लागलं. आमच्यासोबत त्याच डोंगरातला एक म्हातारा हमाल होता. बर्फाची रीत मला त्यानंच शिकवली. रात्री गोठलेला बर्फ पहाटे दगडासारखा असतो, उतार तेव्हाच ओलांडायचा. उन्हं चढली की आत पाणी झिरपतं आणि अख्खा उतार सुटून खाली येतो. वरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, की पुढं पाऊल टाकायचं नाही.

एके दिवशी तंबू गुंडाळायला उशीर झाला. उतारापाशी पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. वरून गोळे घरंगळत होते. म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली. मी खेचरं थांबवली.

मुकादम मागून ओरडला, "हाक की! सोलापूरचा गडी आन् उन्हाला भितो व्हय रं?"

"आज न्हाय. उद्या पहाटं हाकतो."

"साहेबाचा हुकूम हाय."

"मग हुकूम बर्फाला सांगा. मी न्हाय जाणार."

त्यानं माझ्या पाठीवर चाबूक ओढला. मी वाटेतच मांडी घालून बसलो. तेव्हा एका खेचराचा लगाम हिसकावून तो स्वतःच निघाला. अर्ध्यात गेला असेल नसेल, वरचा सगळा बर्फ ओल्या चिखलासारखा सुटला. खेचर दरीत गेलं. मुकादम कडेला छातीपर्यंत गाडला गेला. वर सुटायला आता काही उरलं नव्हतं, म्हणून म्हातारा आणि मी धावलो आणि फावड्यांनी खणून त्याला बाहेर ओढला.

संध्याकाळी साहेबाच्या कारकुनानं इंग्रजी कागद पुढं केला आणि अर्थ सांगितला. मी हुकूम मोडल्यामुळं खेचर गेलं, असं त्यात लिहिलं होतं. मुकादम शेजारीच घोंगडं पांघरून बसला होता. त्यानं घोंगडं डोक्यावरून ओढून घेतलं.

"हे खोटं हाय. सही न्हाय मिळायची," मी म्हणालो.

"काम जाईल तुझं," कारकून म्हणाला.

"जाऊ द्या की."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच माघारी निघालो. सोलापुरात कापडाच्या गिरणीत लागलो, तर माझ्याआधीच बातमी येऊन बसलेली, हा बर्फाला भिऊन पळाला म्हणून. खात्यात कुणी हसून विचारलं, की मी विणायचा साचा थांबवून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचो, "व्हय, बर्फाला भ्यालो. साहेबाला न्हाय भ्यालो."