अण्णांचं अर्धं घर

चार नाटकवाले जमले की नाटकाबद्दल कोणी बोलत नाही. नाटकात काय पडलं, काय अडकलं, कोण काय विसरलं, हेच चालू! आमच्या नाशिकच्या हौशी ग्रुपकडे असे किस्से पोत्यांनी साठलेत आणि त्यातले निम्मे अण्णांचे. ते मीच रंगवून सांगतो. हल्ली सांगताना मजा येत नाही, हा भाग वेगळा.

अण्णा आमचे नेपथ्यकार. सटाण्याकडच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, रिटायर होऊन सिडकोत राहायला आले. मी दिवसा क्लार्क, संध्याकाळी लेखक-दिग्दर्शक. मी एक कॉमेडी लिहिली होती. दोन भाऊ वडिलांच्या घराची वाटणी करतात. अण्णांनी स्क्रिप्ट वाचली आणि म्हणाले, "वाटणी म्हणजे वाटणी. स्टेजवर सगळं अर्धंच ठेवू." अर्धा सोफा, अर्धं टेबल, उभं चिरलेलं अर्धं दार आणि भिंतीवर वडिलांचा अर्धा फोटो!

*

अण्णांना खोटं सामान चालायचं नाही. थर्माकोलचा सोफा म्हटलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. खरा सोफा कापायचा म्हणजे कापायचा. पण तो आणणार कुठून?

एका दुपारी तालमीत काकूंचा फोन आला. अण्णांच्या हातात करवत होती, म्हणून मी स्पीकर चालू केला. काकूंनी अहिराणीत विचारलं, "आपला सोफा कोठे शे?"

अण्णा करवतीने स्वतःच्या पायाशी दाखवत म्हणाले, "अर्धा आठे शे."

"आनि अर्धा?"

"तो भी आठेच शे."

पुढचे पंधरा दिवस अण्णा डबा न घेताच तालमीला यायचे.

*

टेबल मात्र ऐन प्रयोगाच्या दिवशी कापून झालं. धाकट्या भावाचं काम करणारा सुधीर तालमीत महिनाभर अख्ख्या टेबलावर कप ठेवत होता. प्रयोगात त्याने सवयीने कप ठेवला, तो नेमका नसलेल्या अर्ध्या भागावर. कप फुटला आणि हॉल हसून कोसळला!

अण्णांनी विंगेतून दुसरा कप सरकवला. घाबरलेल्या सुधीरने तोही तिथेच ठेवला. त्यानंतर अण्णा प्रत्येक प्रयोगाला दोन जुने कप पिशवीत घालून आणायचे.

*

कळवणच्या प्रयोगात विद्याताई, म्हणजे धाकट्याची बायको, बाहेरून आल्या आणि अर्धं दार वाजवायला लागल्या. उघडायला यायचं ते सुधीर विसरला. दाराशेजारी मोकळी जागा, आणि ही बाई दार वाजवतेय! शेवटी पुढच्या रांगेतले एक काका न राहवून म्हणाले, "वहिनी, बाजूनं या ना, मोकळंच हाय."

विद्याताई वळून म्हणाल्या, "तिकडून नाही येता येत हो. ती बाजू जाऊबाईंची आहे."

टाळ्या थांबेनात. हे वाक्य माझ्या स्क्रिप्टमध्ये नव्हतं. खरं सांगायचं तर नाटकातलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच होतं, आणि ते अण्णांच्या दाराने लिहिलं होतं.

*

लोक नाटकाचं नाव विसरायला लागले. जो तो विचारायचा, "ते अर्ध्या सोफ्याचं नाटक परत कधी?" लेखक कोण, हे कोणी विचारत नव्हतं. मला ते झोंबलं. आता कबूल करतो, तेव्हा मी ते स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

स्पर्धा आली तेव्हा मी अण्णांना सांगितलं, परीक्षक गंभीर असतात, त्यांना शब्द ऐकू गेले पाहिजेत. एका मंडपवाल्याकडून मी अख्खा सोफा, अख्खं टेबल, अख्खं दार ठरवून टाकलं. अण्णांनी एवढंच विचारलं, "आत्तापर्यंत ऐकू येत नव्हते का?"

मी म्हणालो, "लोकांचं लक्ष सामानाकडे जातं, अण्णा."

"बरं," म्हणाले आणि घरी गेले. भांडले असते तर बरं झालं असतं. तालमीला ते परत आले नाहीत.

*

स्पर्धेच्या प्रयोगात सगळे शब्द स्वच्छ ऐकू गेले. सुधीरने टेबलावर कप ठेवला, तो तिथेच राहिला. दोन तासांत कोणी हसलं नाही.

निकाल लागला. लेखनाला काही नाही, दिग्दर्शनाला काही नाही. नेपथ्याला मात्र दुसरं बक्षीस! प्रवेशअर्ज आधीच भरून दिलेला होता, त्यामुळे भाड्याच्या सोफ्यावर नाव लागलं ते अण्णांचं. ग्रुप पोट धरून हसला. मीही हसलो, पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

*

रविवारी सर्टिफिकेट घेऊन अण्णांकडे गेलो. "अण्णा, चुकलो," एवढेच दोन शब्द बोलायचे होते. स्कूटरवर रस्ताभर तेच घोकत होतो.

अण्णांनी चष्मा लावला. सर्टिफिकेट वरपासून खालच्या सह्यांपर्यंत वाचलं आणि विचारलं, "लोक हसले का रे?"

माझ्या तोंडून निघालं, "हो अण्णा. खूप हसले."

अण्णांनी चष्मा काढून मिटला. म्हणाले, "मी बाल्कनीत बसलो होतो."