शालनची सही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही — तिथे तर मी हुशारीने भलतंच काहीतरी मागत आले. आता तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही जात.

मी नर्स होते. मूळची वाईची, नोकरी सांगलीच्या एका दवाखान्यात. कुठल्या ते विचारू नका, दोष दवाखान्याचा नव्हता. माझं काम चोख, असं सगळे म्हणायचे. ऑपरेशनआधी नातेवाइकांना समजावून सांगायचं आणि संमतीच्या कागदावर सही घ्यायची, हे तर खास माझं काम. डॉक्टर भराभर बोलत, लोक नुसत्या माना डोलवत. मग मी त्यांना बाकावर बसवून सांगायची — पोटात काय झालंय, काय कापणार, धोका काय, न कापलं तर काय. पुढे नव्या मुलींनाही हे मीच शिकवलं. शिकवताना एका आईची गोष्ट सांगायची. अडाणी आई, सही द्यायला अडून बसली, पोर गेली. मुली हळहळायच्या. ती गोष्ट खोटी होती. दर वर्षी नव्या मुलींपुढे मी ती सांगितली, आणि दर वर्षी ती आई आणखी थोडी अडाणी होत गेली. किळस येते ना? मलाही येते, पण येऊनसुद्धा मी सांगतच राहिले.

थांबा. फिरून फिरून भोपळे चौकात नको. सरळ सांगते.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. थंडीचे दिवस होते, साखर कारखाने सुरू झाले होते. सकाळी दहाच्या सुमाराला एक बाई सहा वर्षांच्या मुलीला खांद्यावर टाकून आली. इस्लामपूरकडच्या खेड्यातून, दोन एस.टी. बदलून. तिचं नाव शालन, मुलीचं मंगल. नवरा फौजेत, काश्मीरकडे. मंगलचं पोट फुगून ताठ झालं होतं आणि उलट्या हिरव्या होत होत्या. सर्जननी पोटाला हात लावला आणि म्हणाले, आतड्याला पीळ पडलाय, उघडायलाच हवं. त्यांच्या टेबलावर आधीच एक पेशंट होता. तासाभरात हिला घेतो, तोवर सही घेऊन ठेवा, एवढं मला सांगून ते आत गेले.

मी शालनला बाकावर बसवलं. समजावलं — खरंच समजावलं, तेवढं तरी खरं आहे. आतडं पिळलेल्या धुण्यासारखं झालंय, त्यात रक्त पोचत नाही, उशीर झाला तर काळं पडेल. ती रडली नाही. दोनच गोष्टी विचारल्या: भूल दिल्यावर पोरगी उठेल ना, आणि नंतर फार दुखेल का. मी उत्तरं दिली. तिने ती नीट ऐकली, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "द्या कागद. मला सही येती. मालकांची मनिऑर्डर माज्याच सहीवर सुटती."

मी कागद मागे घेतला.

का? महिनाभरापूर्वी एका मुलाच्या आईची सही मी अशीच घेतली होती. मूल बरं झालं. पण आजोबा आले आणि घरात पुरुष माणसं असताना बाईची सही घेतलीच कशी म्हणून त्यांनी दवाखाना डोक्यावर घेतला. मेट्रननी मला सगळ्यांदेखत झापलं. दुधाने तोंड पोळलेलं, तेव्हा आता मी ताकही फुंकून पिणार! पण कागदावर ‘पालक’ असं छापलेलं होतं. बाप असं नव्हतं, पुरुष असं नव्हतं. आईची सही चालत नाही असा नियम कुठेच नव्हता. आणि मी कोण होते? मीही बाईच. रोज हजेरीपटावर माझी सही चालत होती, औषधांचं कपाट माझ्या सहीने माझ्या ताब्यात होतं.

मी तिला म्हणाले, घरातलं कुणी पुरुष माणूस बोलवा. तसे थोरले दीर होते, पण ते उसाची बैलगाडी घेऊन कारखान्यावर रांगेत. शालनने पुन्हा विचारलं, माझ्या सहीवर नाहीच का व्हायचं? नियम आहे, मी म्हणाले. मग ती एस.टी. स्टँडवर धावत गेली आणि इस्लामपूरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप देऊन आली. धाप लागलेली, तशीच मुलीचे पाय चोळत बसली.

साडेअकराला सर्जन बाहेर आले. सही झाली का विचारलं. इथे, बघा — इथे मला सांगता आलं असतं. आई तयार आहे, मीच दिराची वाट बघत बसलेय. एवढंच वाक्य. ते माझ्यावर ओरडले असते, शालनने तिथल्या तिथे सही केली असती आणि मंगल पाच मिनिटांत आत गेली असती. हे मला त्या क्षणी कळत होतं. नंतर सुचलेलं शहाणपण नाही हे. पण ओरडा कोण खाणार? पुन्हा सगळ्यांदेखत?

"आई तयार होत नाही, सर," मी म्हणाले.

ते वैतागले. पुन्हा समजावा म्हणाले आणि हर्नियाचा पेशंट आत घेतला. शालन दहा पावलांवर बसली होती, तिला काही ऐकू गेलं नाही. एकच्या सुमाराला त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. दुसऱ्यांदा तर जीभ जराही अडखळली नाही.

दीर आले तेव्हा दोन वाजून गेले होते. अंगावर उसाचं पाचट तसंच. मी समजावायला लागले तर त्यांनी ऐकूनही घेतलं नाही, सही ठोकली. पोट उघडलं तर आतडं जवळजवळ सगळं काळं पडलेलं. दिवस मावळायच्या आत मंगल गेली.

सर्जन दिरांना म्हणाले, सकाळी तुमच्या बाईंनी सही दिली असती तर पोरगी वाचली असती. दीर शालनकडे वळले. ती आधी गोंधळली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "मी न्हाई म्हनलं न्हाई. ह्या बाईस्नी इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं असेल? मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हो, हात ठेवला — आणि मऊ आवाजात म्हणाले, माणूस घाबरला की काय बोलला ते आठवत नाही हो. मग जाऊन केसपेपरवर लिहिलं: आईने संमती नाकारली. अक्षर माझं आधीपासूनच सुरेख. बाहेर दिरांनी मंगलला उचललं आणि शालनला हातही लावू दिला नाही.

दोनेक आठवड्यांनी मंगलचे वडील आले. तार मिळाल्यावर रजा मिळून पोचायला तेवढे दिवस लागले होते. उंच, सावळा, हळू बोलणारा माणूस. माझ्यासमोर उभाच राहिला, बसा म्हटलं तरी बसेना. म्हणाला, "ती म्हनती, तिनं न्हाई म्हनलं न्हाई. घरात कुनी इस्वास ठेवत न्हाई. मी ठेवतो, सिस्टर. तुमी एकदा सांगा फकस्त."

तो तयार होऊन आला होता. माझ्या एका शब्दाने त्या बाईचं घर तिला परत मिळणार होतं. मेट्रन तिथे नव्हत्या, सर्जन नव्हते, ओरडायलासुद्धा कुणी नव्हतं. आणि मी म्हणाले, त्यांना बोल लावू नका, आईचंच काळीज ते, घाबरल्या.

तो नुसतं "व्हय" म्हणाला. मग पिशवीतून एक कापडी थैली काढून माझ्या टेबलावर ठेवली. तिकडून आणलेले अक्रोड होते. म्हणाला, "पोरीसाटनं घिऊन ठिवल्याले. तुमी तिच्या आईला लय समजावलंसा. ऱ्हाऊ द्यात तुमालाच."

नको म्हणायला हवं होतं. मी थैली घेतली. संध्याकाळी खोलीवर नेली, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तर दाराच्या फटीत धरून एकेक अक्रोड फोडला आणि खाल्ला. चांगले होते. तीन-चार दिवसांत सगळे संपवले.