इंदुअक्काचा शुक्रवारचा फोन

इंदुअक्का सोमवारी गेली आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता तिचा मला फोन आला. मी बसस्टँडजवळ भाजी घेत होते. "वणक्कम टीचर, मी इंदुअक्का बोलते," तोच थोडा बसका आवाज, तीच सावकाश तमिळ. "जेवलात का?" आणि मग शांतता... मागे कुकरची शिट्टी, कुठेतरी एक कावळा. "सेरि," ती म्हणाली, म्हणजे बरं. "उद्या वर्ग आहे. येणार असाल तर एक दाबा, नसाल तर दोन." भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. हा फोन कुठून आला तेही मला त्याच क्षणी कळलं होतं, कारण तो लावणारं यंत्र सांभाळणं हेच माझं काम, आणि माझाही नंबर त्याच्या यादीत. तरी हातातली पिशवी सुटली आणि वांगी रस्त्यावर घरंगळत गेली, हे कबूल करायलाच हवं.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन तंजावूरला आले तेव्हा राजवाड्यामागच्या गल्लीत राहणाऱ्या इंदुअक्काने मला ताब्यात घेतलं. तिच्या घराण्याला इथे येऊन किती पिढ्या झाल्या ते तिलाही सांगता येत नसे. देवनागरी वाचताना ती अडखळायची, पण मराठी बोलायची ती थेट आजीच्या आजीच्या तोंडची. "तुमची मराठी मजला कळते गं," ती म्हणायची, "पण ती सदा बस पकडायला निघालेली वाटते." माझ्या तमिळवर तर तिने आयुष्यभर तोंडसुख घेतलं. ती बालवाडीच्या बायकांना शिकवायची. अडीच-तीन वर्षांच्या पोराशी कसं बोलायचं, रडणाऱ्याला आधी गप्प करायचं की आधी ऐकायचं, हे सगळं ती त्या बायकांना जमिनीवर चटईवर बसवून शिकवी. खुर्ची मागितली की म्हणे, "पोरं खुर्चीवर बसतात काय?"

बालवाड्या चालवणाऱ्या आमच्या संस्थेने टीचरांची रजिस्ट्री सुरू केली ती तिच्याच हट्टापायी. आधी बाईने दहा-दहा वर्षं वर्ग केले तरी हातात काय, तर वाळवी लागलेली चार प्रमाणपत्रं. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की पुन्हा श्रीगणेशा. अक्का मीटिंगमध्ये चिडून म्हणाली होती, "मुलीचं आडनाव बदलतं म्हणून तिचं शिकणंही पुसायचं काय?" मग सगळ्या टीचरांची नावं कॉम्प्युटरवर चढली. कोण कुठला वर्ग शिकली, किती तास झाले, पुढे काय राहिलं, सगळं एका जागी. वर्षाचे तास भरले तरच पुढची नेमणूक, असा नियमही आला. पहिलं नाव अक्काने स्वतःचं घातलं. मी म्हटलं, अहो, तुम्ही तर शिकवणाऱ्या! तर म्हणाली, "म्हणून काय माझं शिकणं संपलं?"

शुक्रवारच्या आठवणीच्या फोनसाठी चेन्नैच्या सॉफ्टवेअरवाल्याला रेडिओवरच्यासारखा गुळगुळीत आवाज हवा होता. अक्काने आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून मोबाइलवर बोलून पाठवून दिलं. त्या बिचाऱ्याने कुकरची शिट्टी, जेवणाचा प्रश्न आणि त्यानंतरची शांतता कापायचं म्हटलं. अक्काने त्याला असा झापला की मला त्याची दया आली. "माणसाला काही विचारलं की थांबायचं असतं," ती म्हणाली. ती शांतता तशीच राहिली. दोन दाबलं तर "का हो, काय झालं?" असंही तिचाच आवाज विचारायचा, आणि कारण ऐकून घ्यायचा.

अक्का गेल्यावर आवाज तसाच चालू राहिला. ऑफिसात कुणाचाच बदलायला हात धजेना. मग पापनाशमच्या पुढच्या एका खेड्यातून सेल्वी टीचरची बातमी आली. तिने शुक्रवारी फोन घेणंच सोडलं होतं. मी तिला भेटायला गेले तर फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलेला. "मेलेलं माणूस जेवलीस का विचारतं," ती म्हणाली, "आणि उत्तराची वाट बघतं. मी काय बोलू?" फोनवर एक दाबल्याशिवाय वर्गात नाव लागत नाही, त्यामुळे तिचे दोन वर्ग चुकले होते. आणखी दोन चुकले असते तर वर्षाचे तास भरले नसते आणि नोकरी गेली असती. घरात कमावणारी तीच एकटी. मला तिचा राग आला, आणि लगेच माझी वांगी आठवली.

आवाज बदलायचा ठरवूनच मी ऑफिसात परतले. त्याआधी गेल्या शुक्रवारी कोण कोण येणार म्हणालं होतं ते बघायला यादी उघडली. सगळ्यात वर नाव होतं इंदुअक्काचं, आणि त्यापुढे 'येणार'. त्याच्या मागचा शुक्रवार पाहिला, तिथेही 'येणार'. ती गेल्यानंतरच्या प्रत्येक शुक्रवारी, दहाच्या फोनला, तिने एक दाबलं होतं. मी कॉम्प्युटर तसाच सोडून रिक्षा केली आणि तिचं घर गाठलं.

"आलीस की. बैस," भावजी म्हणाले. अक्काच्या नवऱ्याला मी भावजी म्हणते. अक्काचा फोन त्यांच्यासमोर टेबलावर, चार्जिंगला लावलेला. मी विचारायच्या आत ते म्हणाले, "मीच दाबतो. दोन दाबलं तर ती कारण विचारते. काय सांगू तिजला?"

शेजारच्या बाईंनी मला आधीच सांगितलं होतं की त्या पाठवतात ते डबे जवळजवळ तसेच परत येतात, भावजी दोन घास खाऊन उठतात. पण शुक्रवारी ताट स्वच्छ असतं. आता कळलं का ते. "ती जेवलात का म्हणून पुसते," भावजी म्हणाले, "खोटं कसं सांगायचं? म्हणून दहाच्या आत जेवून घेतो."

मला रडू कोसळलं. पण सेल्वीही डोळ्यांसमोर होती. मी म्हटलं, "भावजी, आवाज बदलावा लागेल." आणि सगळं सांगितलं. यंत्राला आवाज एकच चालतो, एकासाठी हा आणि दुसऱ्यासाठी तो असं जमत नाही, हेही सांगितलं. "त्या टीचरचं काम जाईल?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "तर मग बदल. अक्का असती तर तुजला ओरडली असती, इतके दिवस काय करत होतीस म्हणून."

पण दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार अजून तिचाच होता. मी सकाळी पुन्हा गेले. ताट घासून पालथं घातलेलं होतं. दहाला फोन वाजला आणि भावजींनी स्पीकर लावला. "जेवलात का?" ज्या स्वयंपाकघरात ती बोलली होती तिथेच तो आवाज घुमला, आणि कुकरची शिट्टी माझ्या पाठीमागून आली असं मला वाटलं. मी मान वळवून पाहिलं. शेगडी बंद होती, कुकर फळीवर. "जेवलो गं," भावजी त्या शांततेत म्हणाले. "सेरि," अक्का म्हणाली. मग त्यांनी दोन दाबलं.

"का हो, काय झालं?"

भावजींनी फोन तोंडाजवळ धरला. "तू गेलीस," ते म्हणाले, "म्हणून." ... थोडी शांतता. "सेरि," अक्का म्हणाली, "पुढच्या वेळी या." माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भावजी मात्र पहिल्यांदाच मोकळेपणाने रडले.

मी ऑफिसात जाऊन तिच्या नावापुढे 'मृत' असं लिहिलं. नवा आवाज माझाच दिला, माझ्या त्या मोडक्या तमिळसकट. जेवणाचा प्रश्न मी काढून टाकला. मला तो विचारणं जमेना. पुढच्या शुक्रवारी सेल्वीने एक दाबलं आणि शनिवारी ती चटईवर पहिल्या रांगेत येऊन बसली. माझ्या आवाजाला ती हसली म्हणे. हसू दे.

पण त्याच शुक्रवारी, यंत्राचे सगळे फोन होऊन गेल्यावर, माझा मोबाइल वाजला. स्क्रीनवर नाव आलं, इंदुअक्का. मी उचलला.

"जेवलीस का?" भावजींनी विचारलं, आणि थांबले... अगदी ती थांबायची तेवढंच. मी सकाळपासून चहावर होते. मी नाही म्हटलं. "जेव की," ते म्हणाले. "मी जेवलो."

आता दर शुक्रवारी ते नाव उजळतं. अजून दर वेळी छातीत धस्स होतं. दहाच्या आत मी जेवून घेते.