विसर्जन राहिलेल्या महालक्ष्म्या

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही — बायकोलाही ठाऊक नाही. आज मात्र सांगायचीच, असं ठरवून बसलोय. मध्येच अडलो तर पुढे ढकला मला.

ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, मग तोही मोडून मध्य प्रदेश. दर वेळी एकच घोर — नोकरी राहते की जाते? ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका छोट्या संग्रहालयात मी मांडणीचं काम बघायचो. भोपाळचे नवे साहेब पाहणीला येणार होते, नेमके महालक्ष्म्यांच्या तिसऱ्या दिवशी. त्यांना दाखवायचं काय? मला शेजारच्या सुमनकाकूंकडचे मातीचे मुखवटे आठवले. बसलेल्या महालक्ष्म्या कुणी घराबाहेर देतं का? काकू बिचकल्याच. पण माझ्या नोकरीचा प्रश्न म्हणून दिल्या — साड्या-दागिन्यांसकट, संध्याकाळी विसर्जनाला परत आणायच्या बोलीवर.

मी त्या काचेच्या कपाटात उभ्या केल्या. आत विजेचा दिवा, खाली पाटी — 'लोककला'. घरातलं उचलायचं, काचेत कोंडायचं आणि घरच्यांचं नाव गाळायचं, हेच तर आम्ही शिकलो होतो. इंग्रज गेले, रीत राहिली. साहेब खूश झाले, कपाट असंच ठेवा म्हणाले.

संध्याकाळी काकू आल्या. "बेटा, फक्त अक्षता टाकू दे, मुखवटे जरा हलवू दे. मग तूच ठेव हमेशासाठी. पण विसर्जन तर व्हायला पाहिजे ना रे!"

मी म्हणालो, किल्ली साहेबांबरोबर भोपाळला गेली.

किल्ली माझ्या खिशात होती. हो, खिशात! एकदा हात लागला की काकू त्या घेऊनच जातील, असं वाटलं मला. ज्या बाईनं माझ्यासाठी पूजेतल्या महालक्ष्म्या दिल्या, तिच्यावरच माझा भरवसा नव्हता.

आधीच्या गेल्याच नाहीत, तर पुढच्या वर्षी आवाहन कुणाचं करणार? काकूंच्या घरी महालक्ष्म्या बसेनात. दर भाद्रपदात काकू काचेपुढे दहीभाताचा नैवेद्य दाखवून जायच्या, किल्ली आली का विचारायच्या. मी नाही म्हणायचो. यंदा त्या आल्या नाहीत. श्रावणातच गेल्या.

काल ती पाटी मी काढली. उद्या कपाट उघडून महालक्ष्म्या काकूंच्या सुनेकडे पोचवणार आहे, आणि सगळं तिच्या तोंडावर सांगणार आहे. नोकरी गेली तर जावो.

काकूंच्या हातून त्यांचं विसर्जन व्हायचं होतं. ते मी होऊ दिलं नाही.